फुकट दुरुस्तीचं भाडं कोणी भरायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत नव्या कॅमेऱ्यांची ओळख येते, ती मी आवडीने वाचते. सेन्सर केवढा, सेकंदाला फ्रेम किती, अंधारात कितव्या आयएसओपर्यंत (प्रकाश टिपण्याच्या संवेदनशीलतेच्या आकड्यापर्यंत) फोटो स्वच्छ येतो, सगळं नीट दिलेलं असतं. पण हाच कॅमेरा एका देशात घेतला आणि दुसऱ्या देशात बिघडला, तर तो दुरुस्त कुठे होणार, तिथवर पाठवायचा नि परत आणायचा खर्च कोणाचा, वाटेत गहाळ झाला तर भरपाई कोण देणार, याची एक ओळही मला आजवर कुठल्याच नियतकालिकात सापडलेली नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण कृपया काटछाट न करता छापावं.

मी रंगमंचाची छायाचित्रकार आहे. नृत्य, नाटक, गाण्याच्या मैफली आणि त्यांचे दौरे, यावर माझं घर चालतं. या कामात ७०-२०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स, म्हणजे दूरचं जवळ आणणारी आणि कमी उजेडातही चालणारी लेन्स, नसेल तर हात बांधल्यासारखे होतात. शेवटच्या रांगेमागे उभं राहून, फ्लॅश न वापरता, नर्तकीच्या बोटांची मुद्रा टिपायची तर दुसरी लेन्स चालत नाही. एका परदेश दौऱ्यात माझी जुनी लेन्स बंद पडली तेव्हा तिथल्याच अधिकृत विक्रेत्याकडून मी नवी घेतली. पक्कं बिल, बिलावर सीरियल नंबर, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, आणि कार्डावर ठळक अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय’. मी दौऱ्यावर असते हे विक्रेत्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘जगात कुठेही दाखवा.’

वॉरंटीची मुदत बरीच शिल्लक असताना फोटोंची उजवी कड सॉफ्ट, म्हणजे पुसट, यायला लागली. समूहनृत्याच्या फोटोत डावीकडच्या मुलीच्या पापण्या मोजाव्यात इतक्या स्पष्ट, आणि त्याच ओळीतल्या उजवीकडच्या मुलीचा चेहरा धुकट. खात्री करून घ्यायला मी वर्तमानपत्राचं एक पान भिंतीवर सपाट चिकटवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर पानाला काटकोनात लावला आणि वेगवेगळ्या अॅपर्चरला, म्हणजे लेन्सचा झरोका कमी-जास्त उघडून, फोटो घेतले. एफ २.८ला, म्हणजे झरोका पूर्ण उघडा असताना, डावीकडच्या स्तंभातलं अक्षर न् अक्षर अनुस्वारासकट वाचता येत होतं. उजवीकडच्या स्तंभात शिरोरेषा तेवढी दिसे, तिच्याखालची अक्षरं एकमेकांत विरघळलेली. मग कॅमेरा उलटा बसवून तेच पान टिपलं, तर आता डावा स्तंभ पुसट. म्हणजे भिंतीचा किंवा ट्रायपॉडचा दोष नव्हता. दुसऱ्या बॉडीवर, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर, लेन्स लावून पाहिली, तरी तेच. लेन्सच्या आतलं एखादं भिंग मध्यापासून किंचित सरकलेलं होतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढंच, पण समोरची अर्धी रांग पुसून टाकायला तेवढं पुरतं.

लेन्स मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवली. तिथली माणसं सौजन्याने वागली, हे मुद्दाम नोंदवते. कार्ड मान्य झालं, बिल मान्य झालं. तपासणीच्या अहवालात त्यांनी स्वतःहून लिहिलं की पडल्या-आपटल्याच्या खुणा नाहीत, पाणी किंवा बुरशी नाही, जुळणीतला दोष दिसतो. त्याच कागदावर खाली दुरुस्तीचा अंदाज होता. तपासणी, निःशुल्क. सुटे भाग, निःशुल्क. मजुरी, निःशुल्क. आणि शेवटची ओळ: दोन्ही बाजूंची वाहतूक, विमा व सीमाशुल्क ग्राहकाने भरावे. भिंगं पुन्हा मध्यावर आणायला लागणारं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं. ते काम दुसऱ्या देशातल्या मोठ्या कार्यशाळेत होणार होतं. त्या शेवटच्या ओळीतल्या रकमेत एखादी साधी ५० मिलिमीटरची लेन्स नवीकोरी आली असती.

दोष कोणाचा, हे कंपनीच्याच माणसाने लिहून दिलं होतं. तरीही तो निस्तरायला लागणाऱ्या खर्चाचा मोठा भाग माझ्या गळ्यात. मी विचारलं, ‘तुमच्याकडे यंत्र नाही, मग लेन्स बाहेर नेण्या-आणण्याचं भाडं मी का द्यायचं?’ उत्तर आलं की कार्डाच्या मागच्या बाजूला तसं लिहिलेलं आहे. खरंच लिहिलेलं होतं, भिंगाखाली धरून वाचावं अशा अक्षरांत.

या वॉरंट्यांचे प्रकार तरी किती असावेत! काही कंपन्यांच्या बॉडीला ज्या देशात विकली तिथलीच वॉरंटी असते आणि लेन्सला सगळीकडची. काहींची एका खंडापुरती चालते. काही ठिकाणी मूळ मुदत जगभर चालते, पण वाढीव वर्षं फक्त खरेदीच्या देशात. आणि दुसऱ्या देशाच्या बाजारासाठीचा माल असल्याचं सीरियल नंबरावरून दिसलं, तर पैसे मोजायची तयारी असूनही दुरुस्तीला हात न लावणाऱ्या शाखाही आहेत. कॅमेरा आणि लेन्स एकाच दुकानातून, एकाच बिलावर घेऊन घरी गेलेल्या माणसाच्या हातात दोन वेगळे करार असू शकतात, आणि ते त्याला कोणी सांगत नाही.

कंपन्यांची बाजू मला ठाऊक आहे. बहुतेक देशांत वितरक ही स्वतंत्र संस्था असते. वॉरंटीतल्या दुरुस्तीचा खर्च ती आपल्या विक्रीच्या नफ्यातून काढते. जी वस्तू तिने विकलीच नाही, तिचा भार तिने का सोसावा? शिवाय देशादेशांतल्या किमतींत फरक असल्यामुळे स्वस्त देशातून माल उचलून महाग देशात विकणारे व्यापारी असतात, ज्याला ग्रे मार्केट म्हणतात. त्यांना आळा घालायचा असतो. हे सगळं पटण्यासारखं आहे. पण हे हिशेब कंपनी आणि तिच्या वितरकांमधले आहेत. अधिकृत विक्रेत्याकडून, पूर्ण कर भरून, स्वतःच्या वापरासाठी एक लेन्स घेणाऱ्या माणसाने काही व्यापार केलेला नाही. आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हे कंपनीने स्वतःच छापलं होतं, मी मागून घेतलं नव्हतं.

युरोपीय संघाने हा प्रश्न कायद्यात केव्हाच मार्गी लावला आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विक्रीबाबतच्या १९९९च्या निर्देशातच (सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमात) विनामूल्य दुरुस्ती म्हणजे काय ते स्पष्ट केलेलं होतं, आणि त्यात वस्तू पाठवण्याचा खर्च, मजुरी आणि साहित्य हे सगळं धरलेलं होतं. त्याची जागा घेणाऱ्या, १ जानेवारी २०२२पासून लागू असलेल्या २०१९च्या निर्देशात हेच कायम आहे. वस्तू सदोष निघाली तर किमान दोन वर्षं विक्रेता जबाबदार. दुरुस्ती फुकट, वाजवी मुदतीत आणि ग्राहकाची मोठी गैरसोय न करता व्हायला हवी. पण सुरुवातीला खिशातून भाडं कोणी घालायचं? त्यावरही मे २०१९मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. जर्मनीतल्या एका ग्राहकाने फोनवरून मागवलेला पाच बाय सहा मीटरचा तंबू सदोष निघाला होता. न्यायालयाने म्हटलं की विक्रेत्याने वाहतुकीचे पैसे आगाऊ द्यावेत असं दरवेळी बंधन नाही, पण त्या खर्चाच्या ओझ्याने ग्राहक हक्क मागायलाच कचरणार असेल तर द्यावे लागतील. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हक्क कागदावर असून उपयोग नाही, तो वापरण्याआधीच माणसाचा खिसा रिकामा होता कामा नये, हे त्या न्यायाधीशांनी ओळखलं. ऑस्ट्रेलियातही २०११पासूनच्या ग्राहक कायद्यानुसार, दोष खरा निघाला तर वस्तू परत पाठवायला आलेला वाजवी खर्च ग्राहकाला विक्रेत्याकडून वसूल करता येतो.

पण या संरक्षणाला मोठी भोकं आहेत. एक तर हा हक्क विक्रेत्याविरुद्ध असतो. विक्रेता समुद्रापलीकडे राहिला की कायद्याचं कलम पाठ असूनही हाती काही लागत नाही. दुसरं, हे कायदे मुख्यतः घरगुती ग्राहकासाठी आहेत. युरोपीय निर्देशात तर व्यवसायासाठी केलेली खरेदी मोडतच नाही. माझ्यासारखी एकटी काम करणारी बाई, जिच्याकडे ना कार्यालय ना कायदेशीर सल्लागार, ती या कायद्याच्या नजरेत व्यावसायिक ठरते. म्हणजे माझ्याकडे उरतं ते फक्त कंपनीचं कार्ड. आणि दुरुस्तीच्या हक्कासाठी युरोपीय संघाने २०२४मध्ये केलेला नवा निर्देश, ज्याच्या अंमलाची तारीख ३१ जुलै २०२६ आहे, त्यात उत्पादकावर दुरुस्तीची जबाबदारी टाकलेल्या वस्तूंची यादी आहे. धुलाई यंत्रं, फ्रीज, व्हॅक्यूम क्लीनर, मोबाइल फोन, टॅब्लेट, अगदी वेल्डिंगची उपकरणंही आहेत. कॅमेरे आणि लेन्स नाहीत.

भाड्याइतकाच गंभीर विषय आहे वाटेतल्या जोखमीचा, आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो. विमानाने जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय पार्सलचं नुकसान झालं तर भरपाईची मर्यादा १९९९च्या माँट्रियल कराराने ठरते, आणि ती वस्तूच्या किमतीवर नाही, वजनावर ठरते. सध्या ती किलोमागे २६ एसडीआर आहे. २८ डिसेंबर २०२४पूर्वी २२ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड या पाच चलनांवर बेतलेलं. माझं पार्सल खोक्यासकट दोन किलोंचं धरा. बावन्न एसडीआर, म्हणजे सुमारे सत्तर-पंचाहत्तर डॉलर. एवढ्यात त्या लेन्सचं पुढचं झाकण आणि हूड येईल. कॅमेऱ्यासारख्या वस्तू वजनाला हलक्या आणि किमतीला जड, त्यामुळे या हिशेबात त्या सपशेल बुडतात. यातून सुटायचा मार्ग करारातच आहे: पार्सल देताना जास्तीची किंमत घोषित करायची आणि त्यासाठी जादा शुल्क भरायचं. हे जादा शुल्क म्हणजेच माझ्या अंदाजपत्रकातला ‘विमा’. तो न घेणं मला परवडणारं नव्हतं. कंपनीच्या चुकीमुळे लेन्स प्रवासाला निघाली, आणि त्या प्रवासाची जोखीम मात्र माझी.

सीमाशुल्काचीही हीच कथा. दुरुस्तीसाठी बाहेर गेलेली वस्तू परत येते तेव्हा ती नवी आयात नाही हे सिद्ध करावं लागतं. युरोपीय संघाच्या २०१३च्या सीमाशुल्क संहितेत तर वॉरंटीखाली फुकट दुरुस्त होऊन आलेल्या वस्तूला आयात शुल्कातून पूर्ण सूट आहे, आणि इतरही अनेक देशांत अशा सवलती आहेत. पण ही सूट आपोआप मिळत नाही. वस्तू बाहेर जातानाच कागदावर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं लिहावं लागतं, सीरियल नंबर घालावा लागतो, मूळ बिल आणि वॉरंटीची प्रत जोडावी लागते. मी लेन्सच्या माउंटजवळ (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तिथे) कोरलेल्या नंबराचा जवळून फोटो काढून तोही कागदांना जोडला. परतीच्या वेळी अधिकाऱ्यांनी नेमकी तीच शंका काढली आणि त्या फोटोवर पार्सल सुटलं. हे मला कंपनीने सांगितलं नव्हतं, कुरिअरनेही नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं. ज्यांना असं सांगणारं कोणी नाही, ते स्वतःच्याच वस्तूवर दुसऱ्यांदा कर भरून मोकळे होत असतील.

बॅटरीबद्दलही लिहायला हवं. लिथियम-आयन बॅटऱ्या कॅमेऱ्याशिवाय नुसत्याच पाठवायच्या तर १ एप्रिल २०१६पासून त्या प्रवासी विमानात माल म्हणून चालत नाहीत, आणि मालवाहू विमानातही चार्ज तीस टक्क्यांच्या वर असून चालत नाही. नियम योग्यच आहे, विमानात आग लागण्याचा प्रश्न आहे. म्हणून सर्व्हिस सेंटर सांगतात की बॉडी पाठवताना बॅटरी आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. पण मग बॅटरीच फुगली किंवा चार्ज धरेनाशी झाली, तर तिच्या ‘आंतरराष्ट्रीय’ वॉरंटीचं काय करायचं? सीमेपार पाठवून ती बदलून घेणं सामान्य माणसाला जवळजवळ अशक्य आहे.

कंपन्यांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, तेही आपण पाहिलं आहे. निकॉनच्या डी६०० कॅमेऱ्यात सेन्सरवर डाग पडायचे. फेब्रुवारी २०१४मध्ये कंपनीने जाहीर केलं की वॉरंटी संपलेली असली तरी कॅमेरा तपासून, साफ करून, शटर बदलून दिलं जाईल, तेही मोफत. लायकाच्या एम९च्या सेन्सरवरची काच कालांतराने खराब व्हायची. तिथेही २०१४पासून काही वर्षं कॅमेऱ्याचं वय न पाहता सेन्सर फुकट बदलून मिळत होते. दोन्ही ठिकाणी आधी ग्राहकांची ओरड झाली, मग निर्णय झाला. पण निर्णय झाला, कंपन्या बुडाल्या नाहीत, आणि आजही लोक त्यांची नावं आदराने घेतात. एखाद्या मॉडेलचा दोष बोभाटा झाला की जबाबदारी घेतली जाते. एकट्यादुकट्या लेन्सचा दोष मात्र त्या एका माणसानेच उरावर घ्यायचा, हे मला मान्य नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: दोष कारखान्याचा असल्याचं कंपनीनेच मान्य केलं, तर वस्तू दुरुस्तीच्या टेबलापर्यंत नेण्या-आणण्याचा सगळा खर्च आणि वाटेतली सगळी जोखीम कंपनीची असली पाहिजे. ग्राहकाने ती जवळच्या अधिकृत सेंटरच्या खिडकीवर द्यावी आणि तिथूनच परत घ्यावी. तिथून पुढे ती कुठल्या देशात जाते, कुठल्या विमानाने जाते, हा ग्राहकाचा विषयच नाही. यात कंपनीला फार मोठा भुर्दंड पडेल असंही नाही. सुटे भाग, डेमोचे कॅमेरे, दुरुस्तीचा माल यांची त्यांची ये-जा चालूच असते. कुरिअरशी त्यांचे घाऊक दराचे करार असतात, सीमाशुल्काचे कागद करणारी माणसं पगारावर असतात. मी खिडकीवर जाऊन जो दर भरते, त्याच्या कितीतरी कमी दरात कंपनीचं पार्सल जातं. स्वस्तात होणारं काम महागात ज्याला पडेल त्याच्यावर ढकलण्यात कोणता हिशेब आहे? आणि भाडं कंपनीच्या खिशातून जाऊ लागलं, तर भिंगं जुळवायची यंत्रं आणखी चार सेंटरांत बसतील, कारखान्यातली शेवटची तपासणीही कडक होईल. आज तसं करायची निकड कोणाला नाही, कारण किंमत मोजणारा दुसराच आहे.

हे घडेपर्यंत निदान माहिती तरी उघड असावी. खोक्यावर, मेगापिक्सेलच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहा की ही वॉरंटी कोणत्या देशांत चालेल, भिंगांचं आणि सेन्सरचं काम कोणत्या कार्यशाळेत होईल, वाहतूक आणि सीमाशुल्क कोण भरेल, आणि पार्सल हरवलं तर पूर्ण किंमत मिळेल की वजनावर. वाचकांनाही माझं सांगणं आहे की परदेशात कॅमेरा घेण्याआधी हे प्रश्न आपल्या राहत्या देशातल्या सर्व्हिस सेंटरला ईमेलने विचारा आणि उत्तर बिलासोबत जपून ठेवा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. त्याला खोटं बोलायचं नसतं, पण दुसऱ्या देशातल्या शाखेचे नियम त्यालाही ठाऊक नसतात.

माझी लेन्स दुरुस्त होऊन आली. काम उत्तम झालं आहे. वर्तमानपत्राचं पान आता या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं वाचता येतं. भाड्याचे पैसे परत मिळावेत म्हणून मी कंपनीला लेखी मागणी केली आहे आणि तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. उत्तर आलं की, ते कोणतंही असो, आपल्याला कळवीन.

तोवर आपल्याकडे एक विनंती. आपल्या पुरवणीत यापुढे कॅमेऱ्याची किंवा लेन्सची ओळख छापाल, तेव्हा वर लिहिलेल्या चार गोष्टी कंपनीला विचारून त्यांची उत्तरं मजकुराबरोबर छापावीत. कंपनीने उत्तर दिलं नाही, तर उत्तर दिलं नाही असं छापावं.

आपली नम्र,
एक वाचक आणि रंगमंच छायाचित्रकार